शिधा

नर्मदेच्या परिक्रमावासींना काठावरची माणसे जे देतात त्याला तिकडे सदावर्त म्हणतात. पीठ, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची, कधी गुळाचा खडा. म्हणजे आपल्या भाषेत शिधा. पुष्कळ ठिकाणी शिजवलेले जेवणही मिळते. पण जुनी रीत शिध्याची. देणाऱ्याने द्यायचे, घेणाऱ्याने तीन दगडांची चूल मांडून आपले आपण रांधायचे. मी काही परिक्रमा केलेली नाही, आणि आता गुडघे पाहता करीन असे वाटतही नाही. पण या शिध्याचा अर्थ मला नर्मदेच्या काठावर, तोही एका संगणकासमोर बसून कळला. तो कसा, ते लिहीन लिहीन म्हणता बरेच दिवस राहून गेले.

गाव नेमावर. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातले, नर्मदेच्या उत्तर तीरावरचे. समोर दक्षिण तीरावर हंडिया. अमरकंटकपासून भडोचच्या पुढे समुद्रापर्यंत नर्मदेची वाट तेराशे किलोमीटरच्या वर आहे. तिचा मध्य इथे मानतात, म्हणून हे नाभिस्थान. घाटावर सिद्धनाथाचे परमारकालीन दगडी देऊळ आहे, पलीकडे हंडियाला रिद्धनाथाचे. आमच्या गोव्यातली घुमटाची, दीपस्तंभाची देवळे पाहायची सवय असलेल्या माणसाला ते शिखर पाहताना मान किती वर करावी तेच कळत नाही.

गोव्याच्या माणसाचे तिथे काय काम, असे कुणी विचारील. माझी मावशी फोंड्याची, दिली देवासला. देवास म्हणजे पवारांचे गाव. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदली. त्या दोन्ही राज्यांच्या दप्तरांत, कचेऱ्यांत, शाळांत मराठी घरे रुजली आणि राज्ये गेल्यावरही तिथेच राहिली. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, अशाच एका घरातले. देवासच्या एका कचेरीत ते टंकलेखक होते. घरी मराठी बोलायचे आणि दिवसभर रेमिंग्टनवर हिंदी बडवायचे! त्यांच्या मराठीत 'पर', 'सही', 'थोडं रुक' असे हिंदीचे खडे असत आणि मावशी ते हयातभर निवडत राहिली. २००४ साली निवृत्त झाल्यावर दोघे नेमावरला काकांच्या वडिलोपार्जित घरी येऊन राहिली. थोडी शेती, पुढे ओटा, ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या परिक्रमावासींना चहा.

मग काकांना काचबिंदू झाला. मोतीबिंदू काढता येतो; काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही. आधी कडेकडेचे दिसेनासे होते, मधे एक खिडकी उरते, मग तीही मिटते. २०१६ पर्यंत काकांची खिडकी पूर्ण मिटली. तेव्हापासून मावशी त्यांचे डोळे झाली. वर्तमानपत्र, विजेचे बिल, औषधाच्या बाटलीवरची तारीख, अमेरिकेतल्या मुलाची पत्रे, सगळे ती वाचून दाखवायची. २०२० साली मावशी गेली. घरात माणसे होती, पुतण्या होता, सून होती. पण वाचून दाखवणारे माणूस गेले.

२०२२ साली मुलाने एक लॅपटॉप घेऊन पाठवला. शेजारचा एक कॉलेजात जाणारा मुलगा संध्याकाळी येऊन त्यावर मुलाची मेल वाचून दाखवी आणि काका सांगतील ते उत्तर लिही. एकदा मुलाचा मला फोन आला, "तू संगणकावर इतकी वर्षं मराठी लिहितोस, तर बाबांना जाऊन शिकवशील का?" जानेवारी २०२३ मध्ये मी दहा दिवसांची सवड काढून निघालो. इटारसी-खांडवा मार्गावर हरदा स्टेशन आहे. तिथे उतरून हंडियापर्यंत गेले की नर्मदेवरचा पूल ओलांडायचा, की नेमावर.

पहिल्या दिवशी मी काय केले ते आज सांगायला लाज वाटते. मी लॅपटॉप उघडला, एनव्हीडीए नावाचा पडदावाचक चढवला. पडद्यावर जे असेल ते आवाजात बोलून दाखवणारी ती प्रणाली. मग सोबत नेलेला माउस जोडला आणि काकांचा हात माझ्या हातात धरून म्हणालो, "हे बघा काका, इथे वर डावीकडे..."

काका हसले. "अरे, डावीकडे कुणाच्या?"

तरी मला उमजले नाही. मी आपला सगळे भराभर मांडत गेलो. पासवर्ड मीच टाकला, मेल मीच उघडली, मीच वाचून दाखवली, उत्तरही मीच लिहिले. तासाभरात हात झटकून म्हणालो, "झालं की हो काका!"

"झालं," काका म्हणाले, "पर तुझं झालं."

त्या संध्याकाळी ओट्यावर नाशिककडचे दोन परिक्रमावासी आले. काका आत गेले, डब्यातून पिठाची मापे मोजत बाहेर आले आणि अंदाजाने नेमके त्यांच्या पिशवीत ओतले. एक कणही सांडला नाही. त्या दोघांनी अंगणातच चूल पेटवली. रात्री अंथरुणावर पडल्यावर काका म्हणाले, "आज तू मला घास भरवलास. दहा दिवसांनी तू जाशील, मग? मला शिधा दे. रांधीन मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे आणि शेव खाऊन झाल्यावर काकांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, तो माउस पिशवीत टाक. दोन, तू पडद्याकडे पाठ करून बस. "मला जेवढं ऐकू येतं तेवढंच तुलाही ऐकू येऊ दे. मगच तुझं सांगणं सही होईल."

पडद्याकडे पाठ करून बसल्यावर पहिल्यांदा मला कळले की मी संगणक कसा वापरतो हे मलाच ठाऊक नव्हते. डोळस माणूस पान एका नजरेत उचलतो. कुठे मथळा, कुठे जाहिरात, कुठे 'पुढे' असे लिहिलेले बटण, हे वाचण्याआधीच त्याला दिसलेले असते. कानाला ती सोय नाही. कानात एका वेळी एकच शब्द शिरतो, दाराच्या फटीतून एकेक माणूस आत यावा तसा. म्हणून पडदावाचकाच्या करामती सगळ्या उड्या मारण्याच्या आहेत. एच दाबले की पुढचा मथळा, टॅब दाबले की पुढचे बटण किंवा दुवा, कंट्रोल दाबले की बोलणे बंद. ही शेवटची कळ काकांना फार आवडली. "तुझ्या मावशीला ही कळ नव्हती," ते म्हणाले. आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

या प्रणालीची कहाणीही त्यांना मी सांगितली. मायकेल करन नावाच्या एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली ती लिहायला घेतली. तोवर चांगले पडदावाचक इतके महाग होते, की संगणकाच्या किमतीहून त्यांचीच किंमत जड व्हायची. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेला जेम्स टेह हा मित्र त्याला येऊन मिळाला. तोही अंध. दोघांनी मिळून ती अशी घडवली, की जगात कुणालाही फुकट मिळावी. आज ती हिंदी बोलते, मराठीही बोलते. आवाज म्हणाल तर सर्दी झालेल्या माणसाने डब्यात तोंड घालून बोलावे तसा! पण काका म्हणाले, "आवाजाला काय करायचंय? कचेरीतले साहेब याहून वाईट बोलायचे."

पहिला धडा कळांचा. इन्सर्ट धरून एक दाबले, की पडदावाचक शिकवणीला बसतो. मग कुठलीही कळ दाबा, ती काहीही न बिघडवता फक्त आपले नाव सांगते. काका दीड तास नुसते कळा दाबत बसले. एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात. आपण ते कधी बघत नाही, कारण ते बघायचे नसतातच. त्यांवर काकांची दोन्ही तर्जनी टेकली मात्र, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक म्हातारा माणूस टंकलेखक झाला. पाठ ताठ, मनगटे उचललेली, कोपरे अंगाशी. सात वर्षे चाचपडत असलेल्या त्या हातांना एकदम आपले घर सापडले.

पण ते घर जरा बदलले होते. रेमिंग्टनवर ह्रस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मागून, कारण कागदावर ती अक्षराच्या अलीकडे दिसते. विंडोजमध्ये आयती येते ती इनस्क्रिप्टची मांडणी. तिच्यात अक्षर आधी, वेलांटी नंतर. जसे बोलतो तसे. काकांचे हात 'किती' लिहिताना सवयीने वेलांटी आधी मारत आणि यंत्र तक्रार केल्यासारखे तिचे नाव घेई. रेमिंग्टनची मांडणी युनिकोडातही मिळते. ती आणून बसवतो असे मी म्हणालो. काकांनी विचारले, "यंत्रात आयती कोणती असते? तीच शिकव. उद्या हे बिघडलं, तर दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर अडायला नको."

इनस्क्रिप्ट खरे तर त्यांच्यासाठीच केल्यासारखी आहे. काना-मात्रा-वेलांट्या सगळ्या डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क ज्या कळीवर, शिफ्ट धरून ख त्याच कळीवर. त-थ, द-ध, प-फ तसेच. उजव्या तर्जनीच्या उंचवट्याखाली र, डाव्या तर्जनीच्या उंचवट्याखाली ह्रस्व वेलांटी. शाळेतली बाराखडी ज्याच्या कानात पक्की आहे त्याला ती पाठ करावी लागत नाही, नुसती आठवावी लागते. चौथ्या दिवशी काकांनी पहिला शब्द लिहिला. व्ही, जे, डी, सी, ओ, ई. सहा कळा. यंत्र त्या डब्यातल्या आवाजात म्हणाले, "नर्मदा."

काकांनी तो शब्द पाच-सहा वेळा वाचायला लावला.

मग मी फुशारकीने माझे जुने लेख त्यांना ऐकवायला काढले. २००२-०३ साली लिहिलेले, फोंड्याच्या देवळांवरचे, जत्रांवरचे. फाइल उघडली आणि यंत्र बरळू लागले. नुसती इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस, पुन्हा अक्षरे. काका म्हणाले, "हे कोकणी का?"

दोष यंत्राचा नव्हता. तेव्हा आम्ही सगळे ज्या फॉन्टांत लिहायचो, त्यांत मराठी अक्षर हे नुसते एक सोंग असे. आत साठवलेले असायचे इंग्रजी अक्षर. वर मुखवटा क-चा किंवा म-चा. डोळ्याला मुखवटा दिसतो, म्हणून आपले भागते. कानाला आतला माणूसच ऐकू येतो. युनिकोडात १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून त्यात लिहिलेले यंत्राला खरोखर वाचता येते. पण आपल्या मासिकांचे, स्मरणिकांचे, शासकीय कागदांचे कितीतरी ढीग अजून त्या मुखवट्यांतच पडून आहेत, किंवा पानांची छायाचित्रे काढून ठेवलेली आहेत. छायाचित्र म्हणजे कानाला कोरी भिंत. इतकी वर्षे मी लिहितो असे मला वाटत होते; काकांच्या दृष्टीने मी लिहीतच नव्हतो, चित्रे काढत होतो.

एका बँकेच्या पानावर तर काका दारातच अडले. तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, असे ते पान म्हणे. आणि सिद्ध करायचे कसे, तर चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून! ऐकायची सोय त्या पानावर दिलेलीच नव्हती. काका म्हणाले, "सत्तर वर्षं माणूस आहे म्हणून वावरलो, आज नापास झालो." विनोद त्यांचा होता, पण मला काही हसू आले नाही. वेबची पाने सर्वांना वापरता यावीत म्हणून काय करावे, त्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९९९ सालापासून आहेत. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. तरी पान करणारा माणूस एकदाही पडद्याकडे पाठ करून बसलेला नसतो.

सहाव्या-सातव्या दिवशी मी काकांना एक गोष्ट विचारली. ती मला पहिल्यापासून सतावत होती. आताशा फोनवर नुसते बोलले की मराठी टाइप होते. फोनही वाचून दाखवतो. मग या वयात ही बोटांची कसरत कशाला?

काका जरा थांबले. बाहेर सून धान्य पाखडत होती. "बोलून लिहायचं," ते हळू आवाजात म्हणाले, "तर शेजारच्या खोलीत ऐकू जातं."

मग म्हणाले, "तीन वर्षं मी मुलाला काय लिहितो माहीत आहे? 'येथे सर्व कुशल. शेत ठीक. पाऊस बरा. तब्येत सांभाळ.' बस. तो पोरगा गुणी आहे, सांगेन ते लिहील. पर त्याच्यासमोर मी काय सांगू? तुझी मावशी होती तेव्हा तिच्या कानावरून जायचं सगळं. ते चालायचं. काही तर तिच्यापासूनही ठेवलेलं होतं. आता मला मुलाला एक गोष्ट लिहायची आहे. ती दुसऱ्याच्या हातून लिहिता येत नाही."

दुसऱ्याच्या हातून लिहिलेल्या पत्रात 'सर्व कुशल' याहून जास्त काही मावत नाही, हे मला तोवर कधी सुचले नव्हते. आपल्याकडे पूर्वी निरक्षर माणसांची पत्रे पोस्टाच्या ओट्यावर बसून कुणीतरी लिहून द्यायचा. गोव्यातून बोटीवर गेलेल्या किती माणसांच्या घरी अशी कुशल पत्रे आली असतील! त्यांतल्या कितींच्या मनात दुसरेच काही होते, ते कुणाला कळणार?

मग मी काकांना इटलीतली एक गोष्ट सांगितली. १८०८ च्या सुमारास पेलेग्रिनो तुरी नावाच्या गृहस्थाने कारोलिना फान्तोनी या आपल्या अंध मैत्रिणीसाठी एक लिहिण्याचे यंत्र केले, तिला मधे लेखनिक न घेता पत्रे लिहिता यावीत म्हणून. लेखनयंत्राच्या इतिहासातल्या अगदी पहिल्या यंत्रांपैकी ते एक. यंत्र आता उरलेले नाही. तिने त्यावर लिहिलेली पत्रे उरली आहेत. त्या यंत्राला शाई पुरवण्यासाठी तुरीने जो कागद केला, तो आपल्या कार्बन पेपरचा पूर्वज. काका हे ऐकून चकित झाले. "म्हणजे जन्मभर मी जे बडवलं ते आंधळ्या बाईसाठी केलेलं होतं? आणि साहेब म्हणायचे, नजर कागदावर ठेव!"

लुई ब्रेलची गोष्टही याच अंगाने पाहावी असे मला आता वाटते. त्याच्या आधी पॅरिसच्या अंधशाळेत वालांतँ आयुईची उठावाची पुस्तके होती. डोळसांचीच अक्षरे, कागदातून वर आलेली. बोट फिरवून ती कशीबशी वाचता येत, पण अंध मुलाला तशी लिहिता येत नसत. देणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी ठरवलेले ते देणे होते. १८२९ साली ब्रेलने आपली ठिपक्यांची लिपी छापून मांडली तेव्हा तो वीस वर्षांचा होता, स्वतः अंध होता, आणि त्याच्या सहा ठिपक्यांनी वाचणे जितके साधले तितकेच लिहिणेही. काकांना ब्रेल शिकायची हौस होती, पण सत्तरीच्या बोटांना ते ठिपके काही लागेनात. त्यांना त्यांच्या जुन्या कळाच कामी आल्या. शिधा ज्याला जो रांधता येतो तो द्यावा, हेच खरे.

दहा दिवस संपले. मी गोव्याला परतलो. मग फोनवर शिकवणी चालू राहिली. फोनवर मला त्यांचा पडदा दिसत नसे, त्यामुळे पाठ फिरवून बसण्याचा सराव आपोआपच झाला. मार्चमध्ये काकांची मला पहिली मेल आली, आठ ओळींची. मी उत्साहाने लगेच उत्तर दिले आणि खाली त्यांच्या ह्रस्व-दीर्घाच्या चुका क्रमवार लिहून पाठवल्या. त्या आवाजात 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक पटकन कानात भरत नाही. एकेक अक्षर फोड करून ऐकावे लागते, हेही समजावले. दुसऱ्या दिवशी काकांचे उत्तर आले. एकच ओळ. "तू माझं पत्र वाचलंस की तपासलंस?"

त्यानंतर मी पुन्हा तपासले नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये मी पुन्हा नेमावरला गेलो. आता काकांची बोटे झरझर चालत होती, आणि आवाजाचा वेग त्यांनी इतका वाढवला होता, की मला तर त्यातला एक शब्द कळेना. रात्री जेवणे झाल्यावर ते म्हणाले, "एक विचारायचं राहिलं. मी लिहितो तेव्हा मागे कुणी उभं असलं, तर मला कसं कळणार?"

खरेच की! इतके दिवस मी त्यांना कानाला लावायला हेडफोन दिला होता, म्हणजे ऐकू दुसऱ्याला जायचे नाही. पण त्यांचे प्रत्येक अक्षर समोर पडद्यावर उजळ दिसत होते. खोलीतल्या सगळ्यांना दिसत होते, एक त्यांना सोडून. ही गोष्ट मला वर्षभर सुचली नव्हती, कारण मी त्या सगळ्यांतला होतो.

सोय होती. एनव्हीडीएमध्ये २०२० पासून एक पडदा पाडायची युक्ती आहे: ती चालू केली, की संगणकाचा सगळा पडदा काळाठिक्कर होतो आणि काम मात्र आत चालूच राहते. मी काकांना सेटिंगपर्यंतची वाट तोंडी सांगितली, ते कळांवरून चालत गेले. चालू करताना यंत्राने विचारले, पडदा पूर्ण काळा होईल, काही न दिसता तुम्हाला काम करता येईल याची खात्री आहे ना? काकांना इतके हसू आले की त्यांनी हेडफोन काढून तो प्रश्न मलाही ऐकवला.

मग त्यांनी एंटर दाबले. पडदा मिटला.

"दिसतं काही?"

"काही नाही, काका."

"सही," ते म्हणाले. "आता तू झोप."

मी काही झोपलो नाही. बाजूच्या खाटेवर पडून होतो. खोलीत दिवा नव्हता. त्यांना नको होता आणि लावायला मी उठलो नाही. अंधारात फक्त कळांचा आवाज येत होता. मधेच तो थांबे, मग खोडण्याची कळ चार-पाच वेळा वाजे, मग पुन्हा सुरू. कचेरीतली घंटी तेवढी नव्हती. दूर घाटावर कुणीतरी "नर्मदे हर" म्हणाले. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी एंटरचा एक स्पष्ट आवाज आला आणि लॅपटॉप मिटल्याचा.

पंधरा-वीस दिवसांनी, मी गोव्यात परतल्यावर, मुलाचा अमेरिकेहून फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, "ते पत्र बाबांनी स्वतः लिहिलं?"

"हो."

"कुणी मदत केली नाही?"

"कळा मी शिकवल्या. पत्र त्यांचं."

"तू वाचलंस?"

"नाही. पडदा काळा होता."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग "बरं झालं" एवढेच म्हणाला. त्या पत्रात काय होते ते मला आजही ठाऊक नाही. एवढे कळले, की त्या उन्हाळ्यात तो सहा वर्षांनी नेमावरला आला आणि महिनाभर राहिला.

तो परत गेल्यावर मला काकांची मेल आली. पाऊस, शेत, ओट्यावर येऊन गेलेली माणसे, असे सगळे होते. आणि शेवटी, "तुझा शीधा पुरला. नर्मदे हर."

त्यातला 'शी' दीर्घ होता. मी तो तसाच ठेवला आहे.